"नुसतं टूल आहे ओ काका" म्हणणाऱ्या आमच्या इंजिनिअर पोरांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या बेळगावच्या गल्लीतली, आणि शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, कंग्राळीकडची, सध्या पुण्या-बेंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये असलेली समस्त पोरं-पोरी

विषय : एआय न्यूट्रल असतं, या तुमच्या म्हणण्याबाबत

पोरांनो,

विषय-बिषय घालून लिहिलंय म्हणून हसू नका, पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहितोय, आता घरच्यांना चिठ्ठी लिहायला बसलो तरी हात "महोदय" कडंच वळतो.

गणपतीत मंडपात रात्री गप्पा चालल्या होत्या. मी सहज म्हटलं की हे एआय आमच्या लोकांशी जरा वेगळंच वागतंय, तर तुमच्यातला एक जण म्हणाला, काका, टूल आहे ओ नुसतं, चाकूसारखं, भाजी चिरा नाहीतर कुणाला भोसका, चाकूचा काय दोष. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण गप बसलो कारण तेवढ्यात आरतीचं बोलावणं आलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी उत्तरही सुचलं नाही. नंतर सुचलं. दुकानात शटर अर्धं ओढून बसलो की सुचतं मला.

माझं दुकान तुम्हाला माहीतच आहे, झेरॉक्स, लॅमिनेशन, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म. तुमच्यातल्या निम्म्यांचे सीईटीचे फॉर्म मीच भरलेत. म्हणजे टूल या प्रकाराशी माझा संबंध तुमच्यापेक्षा जुना आहे, त्यामुळं आधी त्याच अनुभवाचं एक सांगतो. पूर्वी लग्नपत्रिका करताना "आचाऱ्यांना" हा शब्द आला की घाम फुटायचा. अक्षराला डावीकडून चिकटणारा तो छोटा र, डोक्यावरचा रफार नव्हे, तो काही फॉन्टमध्ये नसायचाच. हिंदीवाल्यांना तो लागत नाही, मग फॉन्ट करणाऱ्याला तरी कशाला आठवावा. एका लग्नाच्या खर्चाच्या यादीत "आचार्यांना अ‍ॅडव्हान्स दिला" असं छापून आलं आणि भटजी हिशोब विचारायला आले, मला तर नाही मिळाला म्हणून! दऱ्या आणि दर्या, डोंगरातली आणि समुद्रातली गोष्ट, फॉन्टला एकच. आता सांगा, फॉन्ट टूल आहे की नाही? आहे. पण तो बनवताना कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं की कुठलं अक्षर लागेल आणि कुठलं नाही लागणार, आणि त्या खोलीत मराठी माणूस नव्हता. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, नुसता आपला माणूस नव्हता.

चाकूचं म्हणाल तर चाकू बोलत नाही. चाकूला काही शिकवावं लागत नाही. हे तुमचं जे आहे ते इंटरनेटवरचं अब्जावधी शब्दांचं लिखाण वाचून "पुढचा तुकडा कुठला येईल" एवढं शिकतं, मग पगारी माणसं त्याची उत्तरं बघून हे बरं, ते नको असं सांगत बसतात आणि त्याप्रमाणं ते वळतं, हे मला तुमच्यापैकीच एकानं गेल्या दिवाळीत समजावलं होतं. मग कुठलं लिखाण घेतलं, बरं-वाईट कुणी ठरवलं, काय आलं की शाबासकी द्यायची, हे सगळं कुणीतरी ठरवलेलंच की. चाकूला मूठ एक असते, याला मूठ, पातं, धार, शिवाय काय चिरायचं याची आवडही आत भरलेली असते.

आणि तुकड्यांचं काढलंच आहे तर तेच बघू. कॉम्प्युटर इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये बसवतो, आपल्या देवनागरीत प्रत्येक खुणेला तीन लागतात, काना, वेलांटी, पाय मोडायची खूणसुद्धा वेगळी धरून. आपला "किल्ला" म्हणजे सहा खुणा, अठरा बाइट. इंग्रजीत फोर्ट, चार अक्षरं, चार बाइट. इथवर ठीक आहे, तो साठवणुकीचा प्रश्न. पण एआय वाचताना शब्दाचे तुकडे करतं, त्यांना टोकन म्हणतात, आणि जे तुकडे त्यानं पुष्कळदा पाहिलेत ते अख्खे गिळतं, जे कमी पाहिलेत त्यांचा भुगा करतं. मराठी कमी पाहिलेली, म्हणून मराठीचा भुगा. आणि तुम्ही कंपनीवाले पैसे टोकनवर मोजता. २०२४ च्या मे महिन्यात चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं नवं मॉडेल काढलं तेव्हा स्वतःच कौतुकानं आकडे दिले होते, एकच मजकूर मराठीत आधी ९६ टोकन घ्यायचा, आता ३३ घेतो. इंग्रजीत तोच मजकूर आधी २७ होता, आता २४. माझ्या ऑपरेटरनं दाखवलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. सुधारलं म्हणून आनंद झालाच, खोटं कशाला बोलू. पण म्हणजे आधीचं मॉडेल चालू होतं तोवर त्याच बोलण्याला मराठी माणूस साडेतीन पट मोजत होता आणि तेव्हाही तुम्ही लोक ते न्यूट्रलच आहे म्हणत होता. खडेबाजारात एखाद्या दुकानदाराचा काटा गिऱ्हाईकाची भाषा बघून वजन दाखवायला लागला तर काय होईल? वैधमापनवाले येऊन काटा जप्त करतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ९६ चे ३३ होऊ शकले याचा अर्थ ते ९६ काही देवानं दिलेले नव्हते.

आता आमच्या बोलीचं. मी एकदा त्या एआयला म्हटलं, बेळगावच्या पोरांच्या बोलण्यात क्रिकेट टुर्नामेंटचं आमंत्रण लिहून दे. त्यानं सदाशिव पेठेत वाढल्यासारखं लिहून दिलं, "सर्व क्रीडाप्रेमींना सस्नेह निमंत्रण" वगैरे. मी "काय करूलैस, येऊलोय की" असं घालून दाखवलं तर त्यानं ते दुरुस्त केलं! माझ्या आईची भाषा मला दुरुस्त करून दिली, आणि वर अत्यंत नम्रपणे, "मी आपल्या वाक्यातील व्याकरणाच्या चुका सुधारल्या आहेत." शाळेतले मास्तर निदान रागावून सांगायचे, त्याचा राग तरी यायचा.

मला वाटलं होतं हे फक्त आपल्या मराठीचं दुखणं. पण माझा ऑपरेटर बैलहोंगलकडचा, अस्सल उत्तर कर्नाटकातला, घरात-दारात कन्नड. त्यानं त्याच्या बोलीतलं कन्नड टाकून बघितलं तर त्यालाही तेच, बेंगळूर-म्हैसूरकडचं पुस्तकी कन्नड करून हातात दिलं. म्हणाला, मालक, हे आपल्या दोघांनाही अडाणी समजतंय. दोघंही हसलो. इतक्या वर्षांत इथल्या कुठल्या पुढाऱ्याला जमलं नाही ते या यंत्रानं केलं, मराठी आणि कन्नड माणसाला एका बाकावर बसवलं, वर्गाच्या बाहेर.

गावाच्या नावाचाही एक किस्सा आहे. एका गिऱ्हाइकाचं हिंदीतलं पत्र मराठीत करायचं होतं. हिंदीवाले आपल्या गावाला बेलगाम लिहितात, तुम्हाला माहीत आहे, त्यांच्याकडं ळ नाही. भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपनं त्याचं केलं "अनियंत्रित". "आमची अनियंत्रित येथील शाखा"! बे-लगाम, लगाम नसलेला, हिंदीत तो अर्थ आहेच की. मी ते वाक्य प्रिंट काढून काउंटरला लावलंय, येणारे-जाणारे फोटो काढतात. हसण्याची गोष्ट आहे, मान्य. पण समजा तेच पत्र कुणी न वाचता पुढं पाठवलं असतं तर.

तसं पुढं जातंच आणि मग हसू येत नाही. गेल्या वर्षी एक ज्ञानेश्वर आले होते, शेतकरी माणूस. मराठी शाळेच्या दाखल्यावरून इंग्रजीत नाव झालं ते डी-एन-वाय नं सुरू होणारं. उताऱ्यावर कन्नडमधून इंग्रजीत आलं ते जे-एन नं. बँकेत कुणा हिंदी भाषिक साहेबानं जी-वाय नं लिहिलेलं. माणूस एक, बाप एक, शेत एक, आणि नाव जुळवणारं सॉफ्टवेअर म्हणतंय हे तिघं वेगळे. पूर्वी तलाठ्याला नुसतं दाखवलं असतं तरी कळलं असतं, तो इथलाच, त्याला माहीत की ज्ञ चा उच्चार मराठीत वेगळा, कन्नडमध्ये वेगळा, हिंदीत वेगळा. सॉफ्टवेअरला कुणी हे सांगितलं नव्हतं. तीन महिने चकरा, अ‍ॅफिडेव्हिट, नोटरी, सगळं माझ्याच दुकानातून झालं म्हणून पक्कं ठाऊक आहे. चूक कुणाची म्हणायची? ज्या ज्या खिडकीवर गेले तिथं उत्तर एकच, "सिस्टीम घेईना." पूर्वी "साहेब जागेवर नाहीत" म्हणायचे, तेव्हा निदान साहेब कधीतरी जागेवर यायचा तरी.

पोरांनो, "नुसतं टूल आहे" याची मला जी भीती वाटते ती हीच. ते वाक्य बोललं की सगळेच सुटतात. करणारा म्हणतो मी टूल बनवलं, वापर त्यांचा. वापरणारा म्हणतो मी टूल वापरलं, निर्णय सिस्टीमचा. आणि सिस्टीमला तर तोंड नाही. निपाणीकडच्या बिडी वळणाऱ्या एक मावशी यायच्या, तंबाखूनं आणि कामानं बोटांच्या रेषा गेलेल्या, अंगठा घेणारं मशीन लाल दिवाच दाखवायचं. मशीन न्यूट्रल होतं की, सगळ्यांना सारखंच "अंगठा ठेवा" म्हणत होतं. फक्त ज्याच्या बोटाला काम नाही त्याचा अंगठा पटकन उमटायचा.

हे काय माझ्या दुकानातलंच रडगाणं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोघी संशोधकांनी मोठ्या कंपन्यांची चेहरा बघून बाई की पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअरं तपासली, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि काळ्या-सावळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. सॉफ्टवेअर तेच. त्याच वर्षी बातमी आली होती की अ‍ॅमेझॉननं नोकरीचे अर्ज चाळायला केलेलं एक एआय गुंडाळून ठेवलं, कारण आधीच्या दहा वर्षांत पुरुषांचेच अर्ज जास्त आलेले, ते बघून ते शिकलं की बाई दिसली की मार्क कमी करायचे. कुणी तसं सांगितलं नव्हतं त्याला. ते आपल्याकडं बघूनच शिकलं, पोरगं घरातलं बघून शिकतं तसं.

आणि नेदरलँड्सचं तर मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला सांगतो. तिथल्या टॅक्स खात्यानं पोरांच्या पाळणाघराच्या अनुदानात कोण फसवतंय हे शोधायला कॉम्प्युटर लावला, आणि माणूस डच नागरिक आहे की नाही ही गोष्टसुद्धा धोका मोजायच्या हिशोबात धरलेली निघाली. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा शिक्का, घेतलेलं सगळं परत भरा म्हणून नोटिसा, लोक कर्जात बुडाले, संसार मोडले. शेवटी २०२१ च्या जानेवारीत अख्खं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलं. तुम्ही सीमाभागात वाढलेली पोरं आहात, तुम्हाला हे मी जास्त उलगडून सांगायला नको. आडनावावरून, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेवरून माणूस बाजूला काढणं आपल्याला नवीन नाही. फरक एवढाच की माणसानं काढलं तर त्याच्या डोळ्यांत दिसतं, तिथं भांडता येतं, मोर्चा नेता येतो. आकड्यावर मोर्चा कसा न्यायचा?

आता जिथं मला खरं उत्तर सापडलं ते सांगतो. एका रात्री मी त्या एआयला सीमाप्रश्नाचं विचारलं. आधी मराठीतून, मग ऑपरेटरला सांगून कन्नडमधून. मराठीतल्या उत्तरात १९५६ ची भाषावार राज्यरचना, हुतात्मे, २००४ मध्ये महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात घातलेला दावा असं आधी आलं. कन्नडमधल्या उत्तराची सुरुवातच महाजन आयोगापासून, १९६७ चा अहवाल, बेळगाव कर्नाटकात. खोटं दोन्हींत काही नव्हतं. पण कुठली गोष्ट आधी सांगायची आणि कुठली शेवटच्या ओळीत, यातच तर सगळं असतं ना. शेवटी दोन्हीकडं तेच गोड वाक्य, दोन्ही बाजूंच्या भावना महत्त्वाच्या आहेत.

मग मी म्हटलं जाऊ दे, एवढंच सांग, माझ्या गावाचं नाव काय. तिथं ते अडकलं. आणि विचार करायला लागलो तर कळलं मीसुद्धा अडकतो. बेळगाव म्हटलं की एक बाजू, बेळगावी म्हटलं की दुसरी, २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारी कागदावर तेच आहे. बेळगाव/बेळगावी अशी मधे तिरकी रेघ मारली तर दोन्हीकडचे विचारणार, आधी कुठलं लिहिलंस? या गावाला न्यूट्रल नावच नाही. इथं जन्मलेल्या माणसाला हे पाळण्यात कळतं, तुम्हालाही कळतं, मग लॅपटॉप उघडला की कसं काय विसरता? माझ्या दुकानाची पाटी बघा, नियमाप्रमाणं ६० टक्के कन्नड, वर, मोठी. खाली मराठी. अक्षरं किती इंचाची ठेवायची यावर मी पेंटरबरोबर एक दुपार घालवली होती. पाटी हेसुद्धा टूलच ओ, गिऱ्हाईक बोलवायचं.

आता तुम्ही म्हणणार काका एआयच्या विरोधात आहेत. अजिबात नाही. रोज वापरतो, कमाई होते त्यावर. मराठीतच शिकलेल्या म्हाताऱ्या आयांना पंचायतीची कन्नड नोटीस मोबाईलचा कॅमेरा धरून मराठीत वाचून दाखवतो तेव्हा त्यांच्या तोंडावर जे दिसतं ते बघायला तरी दुकानात या. वास्तविक ज्या भागात १५ टक्क्यांवर लोक दुसरी भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या असं सरकारचंच जुनं ठरलेलं आहे, ते काम कागदावर राहिलं आणि मोबाईल करतोय. मला लोखंडी नांगरानं जमीन नासते म्हणणाऱ्यांत धरू नका. हो, ती आपल्याच भागातली गोष्ट, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर केले, तर लोक घेईनात, लोखंडानं जमिनीत विष भिनतं म्हणायचे. ते चुकलेच. पण नांगराचा फाळ मोडला तर शेतकऱ्याला माहीत होतं कुणाच्या दारात नेऊन आपटायचा. ज्ञानेश्वरांनी ते तीन नावांचं भेंडोळं कुणाच्या दारात आपटायचं होतं?

तुमच्या दारात, मला वाटतं. तुमच्या म्हणजे एकट्या तुमच्या नव्हे, तुमच्यावर मॅनेजर, त्याच्यावर अजून कोण कोण, डेडलाइन असते, माहीत आहे. पण त्या खोलीत आता आपला माणूस आहे, फॉन्टच्या वेळी नव्हता. तुम्ही टेस्टिंग करता ना, त्यात "आचाऱ्यांना" टाकून बघा. ज्ञ ची तिन्ही स्पेलिंगं टाका. तुमच्या आजीला फोन लावा आणि ती येळ्ळूरच्या बोलीत जे बोलेल ते त्या यंत्राला ऐकवा, काय लिहितंय बघा. नाव जुळलं नाही तर "नाकारलं" ऐवजी "माणसाकडून तपासा" असा एक रस्ता ठेवा, एवढं एक बटण, त्यानं एका माणसाचे तीन महिने वाचले असते. आणि मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की हे न्यूट्रल आहे, तर एवढंच विचारा की चुकल्यावर कुणाच्या बाबतीत जास्त चुकतं ते मोजलंय का. मोजलं नसेल तर कुठल्या तोंडानं म्हणता. सरकारनंही त्यांच्या भाषिणी या भाषांतराच्या उपक्रमाचं "भाषादान" काढलंय, आपला आवाज द्या म्हणून, आम्ही देऊ, आमच्या गल्लीत बोलणाऱ्यांची कमी आहे होय? पण दिलेल्या आवाजाचं पुढं काय झालं हेही कुणीतरी येऊन सांगा. आजवर आम्ही पुष्कळ गोष्टी दिल्यात आणि पोचपावती राहिलीच.

दिवाळीला याल तेव्हा लॅपटॉप घेऊन दुकानात या, संध्याकाळी सातनंतर, गर्दी नसते. मी एका फाइलमध्ये कागद जमवून ठेवलेत, नकार आलेले, चुकीचं भाषांतर झालेले, नावं फिरलेले, नावगाव झाकून झेरॉक्स काढून ठेवलेत, चाळीसेक निघतील. बैलहोंगलचा पण बसणार आहे, त्याची फाइल वेगळी, कन्नडची. कुंदा मी आणतो.

आपला,
झेरॉक्सवाले काका

ता.क. हे पत्र मोबाईलवर लिहिलंय. "करूलैस" तीन वेळा "करूयात" झालं, तिन्ही वेळा मागं जाऊन नीट केलंय. तुमच्या फोनवर वाचताना परत बदललेलं दिसलं तर कळवा.